शूट रोज तुंबतंय, प्लेट महिन्यात फाटतेय: घण उचलण्याआधी काय तपासायचं

जूनचा शेवटचा आठवडा आला की माझा फोन वाजायला लागतो. विल्होळी, सारूळ, पिंपळद, तिकडे सिन्नरचं मुसळगाव, कधी दिंडोरी रोड. बोलणं ठरलेलं असतं. "दादा, शूट परत चोक झालं. काल रात्रीच तर साफ केलं होतं." मी नाशिकच्या सातपूरला फॅब्रिकेशनचं काम करतो आणि खडी क्रशरची, आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटची शूटं दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. बेल्टवरून बेल्टवर, स्क्रीनमधून बेल्टवर, हॉपरमधून फीडरवर माल उतरवणारी ही पत्र्याची पेटी. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि प्लांट मात्र तिच्यामुळेच उभा राहतो.

इतक्या फेऱ्यांनंतर एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. शूट तुंबणं आणि प्लेट झिजणं या दोन तक्रारी नाहीत. माल जिथे आपटतो तिथे प्लेट खाल्ली जाते. आपटून त्याचा वेग गेला की तिथूनच थोडं खाली तो रेंगाळतो, ओला असेल तर बसतो, आणि बसलेल्यावर पुढचा बसत जातो. म्हणून भोक कुठे पडतंय आणि थर कुठे धरतोय, हे दोन्ही एकदम बघायचं. एकालाच ठिगळ लावलं की दुसरं वाढतं.

लक्षणं

सगळ्यात आधी आवाज बदलतो. चालू शूटमधून खडीचा खणखणीत आवाज येतो. आत थर धरायला लागला की तोच आवाज बद्द होतो, पोत्यावर दगड पडल्यासारखा. अनुभवी ऑपरेटरला हे खाली बसून कळतं.

मग हेड पुलीच्या, म्हणजे बेल्ट जिथे वळून माल शूटमध्ये टाकतो त्या पुलीच्या, मागच्या बाजूनं माल सांडायला लागतो. बेल्टच्या मोटरचे अँपिअर चढतात, बेल्ट घसरतो, रबर जळल्याचा वास येतो. खालच्या बेल्टवर माल मधोमध न पडता एका कडेला पडतो आणि बेल्ट त्यामुळे एका बाजूला चालतो. पुष्कळ जण अशा वेळी रोलर हलवत बसतात. बेल्ट चांगला असतो, शूट आतून एका बाजूला भरलेलं असतं.

झिजेची लक्षणं वेगळी. भोक दर वेळी त्याच हातभर जागेत पडतं. लायनरच्या, म्हणजे मार खायला आतून लावलेल्या बदलत्या प्लेटीच्या, बोल्टची डोकी घासून सपाट होतात, मग नाहीशी होतात, आणि एक दिवस सगळी प्लेट सुटून खालच्या बेल्टवर उभी पडते. प्लेटच्या जोडाखालून कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा, झिरपायला लागली तर लायनरच्या मागे माल शिरलाय आणि बाहेरचा पत्रा आतून कापला जातोय.

आणखी एक लक्षण आहे, ते मी पोचल्या पोचल्या बघतो: शूटच्या बाहेरच्या अंगावर घणाच्या खुणा किती आहेत. त्याबद्दल पुढे लिहितो.

हात घालण्याआधी

यात सूट नाही. पुल कॉर्ड (बेल्टच्या कडेची थांबवायची दोरी) ओढली म्हणजे बेल्ट बंद झाला असं समजू नका. पॅनेलवर आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा मुख्य स्विच, पाडा, कुलूप लावा आणि किल्ली जो माणूस शूटपाशी जाणार आहे त्याच्या खिशात द्या. खालचा आणि वरचा, दोन्ही बेल्ट. चढावरचा भरलेला बेल्ट बंद असला तरी त्याच्यात ताण असतो. शूट मोकळं झालं की तो मागे सरकू शकतो. शूटमध्ये अडकलेला मालही असाच असतो. तो बसलेला दिसतो, पण नुसता टेकलेला असतो. तो नेमका कशावर अडून टेकलाय हे बाहेरून कळत नाही. म्हणून पहार मारणारा माणूस नेहमी बाजूला उभा राहील, समोर किंवा खाली नाही.

पहिली तपासणी: आठ दिवसांची वही

खर्च शून्य. प्लांटवर एक वही ठेवा. प्रत्येक चोकअपची वेळ, कुठलं शूट, कुठला माल चालू होता, पाऊस होता का, माल शूटच्या कुठल्या भागात अडकला. आठ दिवस. आत टॉर्च धरून रोज एकाच जागेवरून मोबाइलनं एक फोटो.

वही का, तर तुंबण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिघांचा इलाज वेगळा आहे. एकदम, काही कळायच्या आत चोक झालं तर मोठा तुकडा आडवा बसलाय. हळूहळू, दोन-तीन तासांनी, तेही पावसाच्या दिवशीच होत असेल तर भिंतीला चिकटून थर वाढतोय. आणि तोंडाशी माल कमानीसारखा धरत असेल, खालून पोकळ, वरून भरलेला, तर तोंड लहान आहे किंवा बारीक माल दाबला जातोय. तिन्हींना लोक "चोक" हाच शब्द वापरतात, म्हणून चुकीचा इलाज होतो.

एका प्लांटवर वहीनंच उत्तर दिलं. चोकअप जवळजवळ रोज दुपारी अडीचच्या आसपास. जेवणाच्या सुट्टीत भरलेला बेल्ट तसाच बंद करायचे. अर्ध्या तासात शूटमधली ओली कच बसून घट्ट व्हायची आणि चालू केल्यावर पहिलाच लोट तिच्यावर अडायचा. सुट्टीआधी पाच मिनिटं फीडर बंद करून बेल्ट रिकामा चालवायला सांगितला. दुसरं काही केलं नाही.

दुसरी: मूठ दाबून बघा

शूटमध्ये जाणारी कच किंवा क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) मूठभर घ्या आणि दाबा. मूठ उघडल्यावर सगळी सुटली तर माल कोरडा आहे, चिकटणार नाही. बोटांतून पाणी गळत असेल तर माल इतका ओला आहे की तो वाहूनच जाईल, घाण करेल पण बसणार नाही. गोळा तसाच राहिला, तळव्यावर ओल आली पण थेंब पडला नाही, तर हीच सगळ्यात वाईट अवस्था. पाणी कणांच्या मध्ये बसून त्यांना एकमेकांना आणि प्लेटला धरून ठेवतं. म्हणूनच धो धो पावसात चाललेला प्लांट झिमझिम पावसात थांबतो, आणि मालक गोंधळतात की काल एवढा पाऊस होता तरी चाललं, आज काय झालं.

आपल्याकडे यात भर घालतो तो खाणीतला दगड. नाशिकचा काळा पाषाण म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो, आणि घट्ट पाषाणाच्या शेजारी मांजऱ्या खडक, भोकाभोकांचा, पांढऱ्या-हिरव्या खड्यांनी भरलेला. पांडवलेण्याच्या डोंगराच्या हिरव्या अपोफिलाइटचं जगभर नाव आहे, पण क्रशरला या जातीचा खडक त्रासाचा. तो जॉमध्ये, म्हणजे क्रशरच्या जबड्यात, भुगा होतो. तांबडी माती ओली झाली की शूटच्या कोपऱ्यात लापीसारखी बसते. खाणीवर पोकलेनच्या ऑपरेटरला विचारा, आज कुठल्या तोंडावरून भरतोय. चोकअपच्या तारखा आणि तांबडा पट्टा लागल्याच्या तारखा जुळल्या तर शूटला हात लावू नका. जॉच्या आधी ग्रिझलीतून (जाड सळयांच्या चाळणीतून) माती वेगळी पाडा आणि तो माल बाजूला काढा.

मूठ घट्ट निघाली तर पुढे बघायचं ते पाणी. धूळ बसवायच्या फवाऱ्याचे नोझल गळतात का? बेल्ट बंद झाल्यावरही हेड शूटवर पाणी ठिबकत राहतं, हे मी फार ठिकाणी पाहिलंय. फवारा कायमचा बंद करायचा नाही, आसपासच्या द्राक्षबागांवर आणि लोकांच्या छातीत धूळ बसते. फक्त व्हॉल्व्ह असा जोडा की बेल्ट थांबला की पाणी थांबेल. आणि बेल्टवर अर्धगोल पत्रा टाका. गोण्या आणि ताडपत्री पहिल्या वाऱ्यात उडतात.

तिसरी: स्क्रॅपर

स्क्रॅपर म्हणजे वळलेला बेल्ट खरवडून साफ करणारी पट्टी. पावसाळ्यातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या माझ्या मते इथेच संपायला हव्यात. बेल्ट हेड पुलीवरून वळला तरी ओली कच त्याला चिकटून मागे जाते आणि शूटच्या मागच्या भिंतीवर थेंबाथेंबानं गळते. त्या भिंतीवर मालाचा मुख्य लोट कधी येत नाही, म्हणून तो थर धुतला जात नाही, नुसता वाढतो. चार दिवसांनी त्याचं ढेकूळ सुटतं आणि खालच्या तोंडात बूच बसल्यासारखं बसतं. लोक तोंड साफ करतात. मागच्या भिंतीकडे कुणी मान वर करून बघत नाही.

स्क्रॅपरची पट्टी बेल्टला सगळ्या रुंदीत टेकते का, मध्ये झिजून चंद्रकोर झाली आहे का, स्प्रिंगचा ताण आहे का, बघा. पट्टी बदलायला तास-दीड तास. जुन्या बेल्टचा तुकडा कापून स्क्रॅपर किंवा स्कर्ट रबर (माल कडेनं सांडू नये म्हणून लावायची पट्टी) म्हणून लावू नका. त्याच्यात खडीची कच रुतलेली असते, ती चालू बेल्टचा वरचा थर घासून काढते. दोनशे रुपये वाचवायला सबंध बेल्ट घालवलेला मी पाहिलाय.

चौथी: मोठा तुकडा येतो कुठून

वहीत "एकदम चोक" जास्त असतील तर स्क्रीनची जाळी फाटली आहे का बघा. मग शूटच्या तोंडाची सगळ्यात अरुंद बाजू मोजा. आमच्या कामातला ठोकताळा असा की ती सगळ्यात मोठ्या तुकड्याच्या तिप्पट तरी हवी. ६५ मिलिमीटरचा माल येत असेल तर २०० च्या आसपास. मोजताना आतला थर, ठिगळं आणि लायनरची जाडी धरून मोजा. कागदावर ३०० असलेलं तोंड प्रत्यक्षात २३० निघतं.

लोखंडाचे तुकडेही बघा. बेल्टवर चुंबक लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. जॉची प्लेट मँगनीज स्टीलची असते आणि ते स्टील चुंबकाला धरत नाही. तिचा तुटलेला तुकडा चुंबकाखालून आरामात निघून जातो. त्याला मेटल डिटेक्टरच लागतो.

पाचवी: आतून हात फिरवा

इथे घणाच्या खुणांकडे येतो. चोक झालं की हेल्पर बाहेरून घण घालतो. माल सुटतो. त्या ठोक्यानं पत्रा आत दबतो आणि आतल्या बाजूला उंचवटा तयार होतो, तळहाताएवढा, बोटभर उंच. उद्याची ओली कच बरोबर त्या उंचवट्याच्या वर बसते. मग पुन्हा तिथेच घण. मी एकदा एक जुनी प्लेट कापून काढून उन्हात ठेवली. बाहेरून चाळीसेक ठोके मोजता येत होते आणि आतून प्रत्येक ठोक्याच्या डोक्यावर वाळलेल्या कचेची टोपी होती. घण मारणाऱ्या पोराला ती बोलावून दाखवली. तो बराच वेळ बोट फिरवत राहिला. त्या प्लांटवर आता घण शूटपाशी ठेवत नाहीत. तपासणीच्या झाकणातून लांब लाकडी बांबूनं बेल्ट बंद करून साफ करतात.

वेल्डिंगच्या उंच राहिलेल्या रेघा, बाहेर आलेले बोल्ट, ठिगळाच्या कडा, सगळं तसंच काम करतं. कुलूप लावून, शूट रिकामं करून, झाकणातून हात घालून वरून खाली हात फिरवा. हातमोजा घालून; झिजलेली प्लेट वस्तऱ्यासारखी होते. जिथे मोजा अडकतो तिथे माल अडकतो. ग्राइंडरनं सपाट करा.

आणि ठिगळ मारायचंच असेल तर कौलं कशी घालतात ते आठवा. वरचं कौल खालच्या कौलावर. शूटची वरची प्लेट खालच्या प्लेटवर आली पाहिजे, म्हणजे माल पायरी उतरेल, पायरीला धडकणार नाही. उभे जोड एका रेषेत ठेवू नका, विटांच्या बांधकामासारखे आलटून पालटून घ्या. नाहीतर बारीक कच त्या एका रेषेत नाली पाडते आणि महिनाभरात मागचा पत्रा दिसायला लागतो.

सहावी: कोपऱ्याचा उतार

मोबाइलमध्ये उतार मोजायचं ॲप असतं. ते नसेल तर ओळंबा आणि गुण्या. बहुतेक जण बाजूच्या प्लेटचा उतार मोजतात आणि म्हणतात, ६० अंश आहे, भरपूर आहे. माल अडतो तो प्लेटवर नाही, दोन प्लेटी मिळतात त्या कोपऱ्यात. दोन लगतच्या बाजू ६० अंशांच्या असल्या तरी त्यांच्या मधली रेघ साधारण ५१ अंशांचीच भरते. बाजू ५५ च्या असतील तर कोपरा ४५ वर येतो. कोरड्या २० मिलिमीटर खडीला ४५ पुरतात. श्रावणातल्या क्रश सँडला नाही.

क्रश सँडमध्ये भुकटी असणारच. आयएस ३८३ या भारतीय मानकाप्रमाणे दगड फोडून केलेल्या वाळूत १५० मायक्रॉनच्या चाळणीखालचा माल २० टक्क्यांपर्यंत चालतो. म्हणजे चिकटणारा भाग मालाचाच आहे, शूटनं त्याला वाट द्यायला हवी. खडीसाठी बनवलेल्या शूटवर वाळू चालवायला घेतली आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला, ही गोष्ट तर मी कितीदा ऐकली.

सबंध शूट न बदलता होणारं काम म्हणजे कोपऱ्यात तिरकी पट्टी भरणं, काटकोन मारून टाकणं. एका वेल्डरचं एका दिवसाचं काम. पट्टीच्या मागची पोकळी वरून बंद करा, नाहीतर ती स्वतःच भरत राहते.

सातवी: माल नेमका आपटतो कुठे

ही तपासणी मला सगळ्यात जास्त शिकवून गेली आणि हिला लागतो ऑइल पेंटचा एक डबा. शूट आतून साफ करा, समोरच्या आणि खालच्या प्लेटला पेंटचा हात मारा, वाळू द्या. नेहमीच्या भारानं अर्धा तास प्लांट चालवा. बंद करा, कुलूप लावा, झाकण उघडा. जिथला रंग पार उडून लोखंड चकाकतंय तिथे आपटतोय. जिथे रंगावर लांब ओरखडे आहेत तिथे घसरतोय. आणि जिथे रंग जसाच्या तसा आहे तिथे माल जातच नाही, म्हणजे उद्या थर तिथे धरणार. तीन जागा, तीन वेगळ्या गरजा.

माल वर सुटतो ती जागा आणि आपटण्याची जागा यांत उंचीचं अंतर किती, हे बघा. २ मीटरवरून पडलेला दगड सेकंदाला ६.३ मीटर वेगानं आपटतो, ४ मीटरवरून ८.९ मीटरनं. वेग दीडपटही होत नाही, पण मार दुप्पट होतो. म्हणून शूटची उंची वाढवली तेव्हा प्लेट आणखी जाड टाकणं हा इलाज नव्हे. मधे पडणं तोडा, माल सरळ आपटण्याऐवजी तिरका लागून घसरू द्या, आणि खालच्या बेल्टच्या चालीच्या दिशेनं तो उतरवा. बेल्टवर आडवा किंवा उलट्या दिशेनं पडणारा माल आधी थांबतो, मग निघतो. त्या थांबण्यात बेल्टही झिजतो आणि तोंडही भरतं.

कोरड्या, मोठ्या दगडासाठी उत्तम उपाय म्हणजे आपटण्याच्या जागी कप्पा करणं. त्यात दगड भरून राहतो आणि पुढचा दगड प्लेटवर न पडता दगडावरच पडतो. पण हा उपाय ओल्या बारीक मालाला लावू नका. एका मार्चमध्ये मी क्रश सँडच्या शूटला असा कप्पा केला. एप्रिल-मे प्लेटीला ओरखडा नाही, मालक खूश. मृगाचा पहिला पाऊस पडला आणि कप्प्यातला थर फुगत फुगत शूटभर झाला. रात्री अकराला जाऊन मी तो स्वतः गॅसकटरनं कापून काढला. चूक माझी होती. माल बघून कप्पा करायचा असतो, महिना बघून नाही.

आठवी: लायनर कुठला

रंगाच्या तपासणीनंतरच यावर पैसे घाला. "सगळ्यात कडक प्लेट द्या" असं सांगून आणलेली प्लेट चुकीच्या जागी साध्या प्लेटीइतकीच टिकते.

मोठा दगड सरळ आपटतो तिथे जाड रबर किंवा मँगनीज. मँगनीज मार खाऊन खाऊन कडक होतं. पण तेच मँगनीज कच घसरते तिथे लावलं तर त्याला मार मिळत नाही, ते कडक होत नाही आणि साध्या पत्र्यासारखं झिजतं. घसरणीच्या जागेला ४०० ब्रिनेलच्या (हे कडकपणाचं माप) आसपासची कडक प्लेट, हार्डॉक्स किंवा त्या जातीची. साधी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट दीडशेच्याही खाली असते. बारीक माल तासन्‌तास घसरतो तिथे सिरॅमिक टाइल फार छान चालते, पण तिच्यावर दोन किलोचा दगड पडला की तडा. एक टाइल निघाली की शेजारच्या निघायला वेळ लागत नाही.

चिकटणाऱ्या मालाला कडकपणापेक्षा गुळगुळीतपणा हवा. तिथे स्टेनलेसचा पत्रा किंवा यूएचएमडब्ल्यू पॉलिथिनची, म्हणजे घट्ट, गुळगुळीत प्लॅस्टिकची शीट. शीटची बोल्टची डोकी खोल बसवा, उन्हात ती फुगते म्हणून कडेला फट सोडा, आणि त्यानंतर त्या शूटवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी शीट काढा. ती पेट घेते, आणि खाली बेल्ट असतो.

हार्डफेसिंगच्या, म्हणजे प्लेटीवर कडक धातूच्या रेघा ओढायच्या वेल्डिंग रॉडबद्दल नेहमी विचारतात. मोठ्या दगडाला रेघा वाहण्याच्या दिशेनं ओढा, दगड रेघांवरून घसरत जातो. कोरड्या बारीक मालाला आडव्या, म्हणजे रेघांमध्ये कच भरून तीच ढाल होते. ओल्या मालाच्या शूटमध्ये आडव्या रेघा मुळीच नकोत.

वेल्डिंग करताना अर्थिंगचा क्लॅम्प त्याच प्लेटला लावा. लांब कुठेतरी स्ट्रक्चरला लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि आठवड्यानं बेअरिंग ओरडायला लागलं की कारण कुणाला आठवत नाही.

प्लेट बदलली की तारीख आणि जाडी वहीत. १२ मिलिमीटरची प्लेट ३० दिवसांत ९ झाली तर रोजचा झिजण्याचा दर ०.१ मिलिमीटर. ४ पर्यंत यायला आणखी ५० दिवस. म्हणजे भोक पडायची वाट न बघता, सुट्टीच्या दिवशी, दिवसाउजेडी प्लेट बदलता येते. जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक मीटर नसेल तर ते भाड्यानं घेऊन येणारा माणूस अंबडला मिळतो.

व्हायब्रेटर शेवटी. तो लावायला सोपा म्हणून लोक आधी लावतात. तोंड बंद असताना किंवा माल अडलेला असताना व्हायब्रेटर चालवला तर आतली कच आणखी ठासली जाते. माल वाहतोय तेव्हाच, थोडा थोडा वेळ.

इथे थांबा

माल डोक्याच्या वर लटकलाय आणि काढायला शूटच्या किंवा हॉपरच्या आत उतरावं लागणार आहे, तर थांबा. शेठ कितीही घाईला आले असले, सिंहस्थाच्या रस्त्याच्या गाड्या रांगेत उभ्या असल्या तरी. फुटलेल्या खडीचा एक घनमीटर दीड टनाच्या वर भरतो. दोरी, बाहेर लक्ष ठेवणारा माणूस, वरून माल काढत यायची पद्धत, हे सगळं शिकलेल्या टीमचं काम आहे. खालून शिरून पहार मारणं कधीच नाही, एक मिनिटासाठीही नाही.

शूटच्या टांगणीच्या वेल्डला तडा दिसला, खांब वाकला, किंवा सबंध शूट जागेवरून सरकलं असेल तर प्लांट बंद ठेवा आणि स्ट्रक्चरच्या इंजिनिअरला बोलवा. भरून तुंबलेल्या शूटचं वजन त्या टांगणीत धरलेलं नसतं, ती चालू शूटच्या हिशोबानं केलेली असते.

चढावरचा भरलेला बेल्ट बंद केल्यावर मागे येत असेल तर होल्डबॅक, म्हणजे बेल्टला उलटं फिरू न देणारा भाग, गेलाय. तो मिस्त्रीच्या अंदाजानं खोलायचा भाग नाही. चोक स्विच (शूट भरलं की बेल्ट थांबवणारा) किंवा पुल कॉर्ड कुणी तार टाकून बायपास केली असेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग बाकी सगळं. हवेचा झोत मारणाऱ्या एअर कॅननची टाकी दाबाखाली असते, तीही कंपनीच्या माणसानंच खोलावी. आणि कोळसा किंवा बगॅसचं (उसाच्या चिपाडाचं) शूट असेल, आतून धूर किंवा जळका वास येत असेल, तर झाकण उघडू नका. आत हवा गेली की ते भडकतं.

शूटचा उतार किंवा आकारच बदलायचा असेल, किंवा एकाच जागी महिन्यात तिसऱ्यांदा ठिगळ लागत असेल, तर माझ्यासारख्या फॅब्रिकेटरचंही काम संपतं. मालाची प्लेटीवरची घसरण मोजून, बेल्टचा वेग धरून शूट आखणारे डिझाइनवाले लागतात. त्यांना बोलावताना आठ दिवसांची वही, रंग उडालेल्या प्लेटीचे फोटो आणि सगळ्यात जास्त अडणारा माल दोन बादल्या तयार ठेवा. माल चोकअपच्या वेळीच, थेट शूटमधून काढा आणि जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा. उघडा ठेवलात तर ते येईपर्यंत माल वाळतो, आणि वाळलेली कच कुणाच्याही शूटमधून सरळ खाली जाते.